सुई आडवी का वळली

एक पेन्सिल सेल, जुन्या चार्जरची वीतभर वायर, आणि किल्लीच्या जुडग्याला अडकवायचं ते छोटं होकायंत्र. एवढ्या सामानात १८२० सालचा एक प्रयोग घरात करता येतो. मी तो आधी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या टेबलावर केला आणि फसलो, कारण सुईला उत्तरेपेक्षा फ्रिजच जास्त आवडला. मग सगळं उचलून बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर नेलं. सुई उत्तर-दक्षिण स्थिरावली. वायर तिच्या बरोबर वर, तिच्याच दिशेत, बोटभर अंतरावर धरली आणि सोललेली दोन्ही टोकं सेलला टेकवली. सुई गर्रकन आडवी वळली. एक टोक सोडलं, तर डुलत डुलत परत उत्तरेला. करून बघणार असाल तर टेकवायचं ते सेकंदभरच. मध्ये बल्ब वगैरे काही नसल्यानं वायर आणि सेल दोन्ही तापतात, आणि ते बोटांना लगेच कळतं.

शाळेच्या पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. हान्स ख्रिश्चन ओरस्टेड, डेन्मार्क, १८२०, विजेचा चुंबकीय परिणाम; मग उजव्या हाताचा अंगठा आणि पुढचा धडा. कुणी हौशी शिक्षक असतील तर एक गोष्ट जोडतात: व्याख्यान देताना टेबलावर होकायंत्र सहज पडलं होतं, तार जवळ गेली आणि सुई हलली, नशीब बघा! ही गोष्ट मला कधीच पटली नाही. वोल्टानं बॅटरी बनवली १८०० साली. पुढची वीस वर्षं युरोपातल्या प्रत्येक बऱ्या प्रयोगशाळेत बॅटरी होती, तारा होत्या, होकायंत्रंही होती. योगायोगच घडायचा असता तर वीस वर्षांत पन्नास जणांच्या हातून घडला असता. तो याच्याच हातून का घडला, हे समजायचं तर या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं तिथून सुरुवात करावी लागते.

ओरस्टेडचा जन्म १७७७ चा, लँगेलँड बेटावरच्या रुडक्योबिंग या लहानशा गावातला. वडील औषधविक्रेते. घरात मुलं पुष्कळ, म्हणून हान्स आणि धाकट्या आंदर्सला शेजारच्या एका जर्मन विगवाल्याकडे आणि त्याच्या बायकोकडे सांभाळायला ठेवत. तिथं दोघं जर्मन शिकले, थोडं गणित शिकले. बाकीचं गावातल्या ज्याला जे येत होतं त्याच्याकडून. हान्स वडिलांच्या दुकानात काढे-मलमं करायला हात लावायचा. रसायनशास्त्र त्याला तिथंच भेटलं. १७९४ मध्ये दोघे भाऊ कोपनहेगनच्या विद्यापीठात गेले. आंदर्स पुढे मोठा कायदेपंडित आणि काही काळ डेन्मार्कचा पंतप्रधान झाला. हान्सनं औषधशास्त्राची परीक्षा दिली, पण डॉक्टरेट मिळवली ती तत्त्वज्ञानावर. १७९९ सालच्या त्या प्रबंधाचा विषय होता जर्मन तत्त्वज्ञ कांटचं निसर्गाविषयीचं तत्त्वज्ञान.

सगळा मामला इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबू.

तेव्हा विज्ञानाचं खरं केंद्र पॅरिस. तिथल्या मातब्बर मंडळींनी निसर्गाचं चोख खातेवाटप केलं होतं. उष्णता म्हणजे एक वजनरहित द्रव, वीज म्हणजे वेगळे द्रव, चुंबकत्व म्हणजे आणखी वेगळे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कुलोमनं वीज आणि चुंबक या दोन्हींची बलं अत्यंत बारकाईनं मोजली होती. दोन्हींचे नियम सारखे दिसत असले तरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एकीचा दुसरीवर परिणाम व्हायचं कारण नाही, असं त्याचं मत होतं. कुलोमनं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. पुढे याच विषयात ज्याचं नाव अजरामर झालं त्या अँपिअरनंही १८०२ मध्ये लिहून ठेवलं होतं की वीज आणि चुंबकत्व हे एकमेकांशी संबंध नसलेले दोन वेगळे द्रव आहेत हे आपण सिद्ध करून दाखवू.

कांटचं म्हणणं मुळातून निराळं होतं. पदार्थ म्हणजे पोकळीत तरंगणाऱ्या टणक गोळ्या नव्हेत. आकर्षण आणि अपसरण या दोन शक्तींचा तोल म्हणजे पदार्थ. डाव लागलेले दोन पैलवान आठवा. बाहेरून बघणाऱ्याला दोघं जागच्या जागी स्थिर, आत मात्र पुरा जोर चाललेला. टेबल, दगड, पाणी हे सगळं असं, जोर लावून स्थिर राहिलेलं. जर्मनीत शेलिंग वगैरे तत्त्वज्ञांनी ही कल्पना आणखी ताणली आणि म्हटलं की निसर्गातल्या सगळ्या शक्ती मुळात एकच. ओरस्टेडनं हा विचार आयुष्यभर सोडला नाही. उष्णता, प्रकाश, वीज, रासायनिक क्रिया, चुंबकत्व ही त्याच्या दृष्टीनं बहुरूप्याची सोंगं. सोंग बदलतं, आतला माणूस तोच.

आता मराठी वाचक म्हणणार, हे तर आपलं अद्वैतच! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ओरस्टेडची गाडी आली ती कांट आणि लुथरपंथी ख्रिस्ती श्रद्धेच्या रस्त्यानं, आणि त्याला नुसतं 'सगळं एक आहे' म्हणून समाधान नव्हतं. एक असेल तर एका सोंगातून दुसरं सोंग टेबलावर निघालं पाहिजे, दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याच्या या हट्टात मला जास्त रस आहे.

हा हट्ट त्याला सरळ यशाकडे घेऊन गेला असं मुळीच नाही. आधी चांगलाच तोंडघशी पाडलं.

१८०१ मध्ये तो युरोप बघायला निघाला. जेना शहरात त्याची योहान व्हिल्हेल्म रिटरशी गाठ पडली. रिटर हा वल्लीच होता. अतिनील किरणांचा शोध त्यानं त्याच वर्षी लावला होता, आणि बॅटरीचे झटके तो स्वतःच्या डोळ्यांना, जिभेला, कुठंकुठं लावून घेऊन नोंदी ठेवायचा. दोघांची गट्टी जमली. नेपोलियननं विजेवरच्या संशोधनासाठी बक्षीस ठेवलं होतं. रिटरचं काम पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडायचं ओरस्टेडनं अंगावर घेतलं. त्यात एक दावा असा होता की पृथ्वीला चुंबकीय ध्रुवांसारखे विजेचेही ध्रुव आहेत. प्रयोग करून बघितला, काहीही निघालं नाही. त्याच सुमाराला त्यानं विंटर्ल नावाच्या हंगेरीतल्या रसायनज्ञाच्या अचाट सिद्धांताची पुस्तकातून वाहवा केली, आणि विंटर्लनं सांगितलेलं अँड्रोनिया नावाचं मूलद्रव्य दुसऱ्या कुणाला सापडेना. एकतेच्या प्रेमात पडलेला माणूस एकता सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवतो, तसं त्याचं झालं. पंचविशीत दोनदा हसं झाल्यावर तो जपून पावलं टाकायला लागला. १८०६ मध्ये विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि तो जमिनीवर आला.

कल्पना मात्र त्यानं टाकून दिली नाही. १८१२ मध्ये बर्लिनहून निघालेल्या पुस्तकात त्यानं स्पष्ट लिहिलं की विजेचा चुंबकावर काही परिणाम होतो का हे तपासायला हवं. वीज कोसळलेल्या जहाजांवरची होकायंत्रं बिघडल्याच्या नोंदी होत्याच, तेव्हा वीज आणि चुंबक यांचं काहीतरी गूळपीठ आहे ही शंका त्याच्या एकट्याची नव्हती. पुढचा विचार त्याचा स्वतःचा. तारेतून वीज जाते तेव्हा धन आणि ऋण वीज एकमेकींशी भिडतात, अलग होतात, परत भिडतात, असं त्याचं चित्र होतं. या झटापटीला तो 'विजेचा संघर्ष' म्हणायचा. तार जाड असेल तर संघर्ष निवांत. तार बारीक केली की वीज कोंडते आणि तार तापते. आणखी बारीक केली की ती लाल होऊन प्रकाश देते. आणखी कोंडली तर? कदाचित चुंबकत्व बाहेर पडेल!

किती सुंदर तर्क, आणि किती चुकीचा. बारीक तारेला रोध जास्त, म्हणून त्याच बॅटरीतून तिच्यातून प्रवाह कमी जातो, आणि चुंबकीय परिणाम तर प्रवाहावर अवलंबून. म्हणजे जितकी तार बारीक करावी तितकी सुई हलायची शक्यता कमी. ओमचा नियम यायला १८२७ उजाडायचं होतं, त्यामुळे हे त्याला कुणी सांगणारं नव्हतं.

१८२० च्या वसंतात तो वीज आणि चुंबकत्व यांवर जाणकारांपुढे व्याख्यानं देत होता. एप्रिलमधल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाआधी हा प्रयोग करून बघायचं त्याच्या मनात होतं, पण काहीतरी आडवं आलं आणि ते राहिलं. बोलता बोलता त्याचीच खात्री वाढत गेली आणि त्यानं तो सगळ्यांसमोरच केला. काचेच्या झाकणाखाली होकायंत्र, वर प्लॅटिनमची बारीक तार. हो, बारीकच! तरीही सुई हलली. अगदी किंचित आणि काहीशी अनियमित. समोर बसलेल्यांवर काडीचा परिणाम झाला नाही. आणि ओरस्टेडनं काय केलं? जवळजवळ तीन महिने काहीच नाही. हे वाचून पहिल्यांदा माझा जीव तळमळला होता. पण पॅरिसमध्ये पोळलेला माणूस आहे, हे लक्षात घेतलं की त्याचं थांबणं कळतं. इतक्या क्षीण हालचालीवर घोषणा करायची त्याची तयारी नव्हती.

जुलैमध्ये त्यानं मोठी बॅटरी जोडली. तांब्याच्या वीस आयताकृती पेट्या, प्रत्येक फूटभर लांब आणि फूटभर उंच, अडीच इंच रुंद. आत आम्ल मिसळलेलं पाणी. भोवती साक्षीला मानाची मंडळी बसवली. यावेळी सुई स्पष्ट वळली. तार पाऊण इंचावर असताना सुमारे ४५ अंश. मग त्यानं बारीक तारेऐवजी जाड लावून पाहिली, तर परिणाम वाढला. म्हणजे ज्या तर्कानं त्याला इथवर आणलं होतं तो तर्कच सुईनं त्याच्या डोळ्यांदेखत मोडला, आणि त्यानं तो मुकाट्यानं मोडू दिला. मध्ये काच घातली, लाकूड घातलं, धातूचे पत्रे, पाणी, दगड घातले, परिणाम थांबेना. सुईच बदलून पितळेची, काचेची, लाखेची लावली. ती ढिम्म हलेना. तारेचा धातू बदलला. काही फरक नाही. तार सुईच्या वरून काढून खाली धरली, तर सुई उलट बाजूला वळली.

या शेवटच्या निरीक्षणानं त्या काळच्या लोकांचं डोकं चक्रावलं. का, ते नीट बघू.

न्यूटनपासून माहीत असलेलं प्रत्येक बल सरळ रेषेत चालायचं. पृथ्वी आंब्याला आपल्याकडे ओढते. दोन विद्युतभार एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. सगळं दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेवर. तेव्हा तारेत चुंबकत्व असलं तर तिनं सुईला स्वतःकडे ओढावं किंवा दूर ढकलावं, एवढीच कुणाचीही अपेक्षा. सुई यातलं काहीच करत नव्हती. ती जात होती बाजूला. तार वर असताना पश्चिमेला, तर खाली असताना पूर्वेला.

तेलाचा घाणा डोळ्यांसमोर आणा. मधली लाट, म्हणजे घाण्यातला तो उभा ओंडका, ही तार, आणि सुईचा उत्तर ध्रुव म्हणजे बैल. बैल लाटेकडे जात नाही, लाटेपासून दूरही जात नाही. तो तिच्याभोवती फिरतो. लाटेच्या या बाजूला असताना तो पश्चिमेकडे चाललेला दिसतो, आणि त्या बाजूला गेला की पूर्वेकडे. बैल तोच, फेराही तोच. ओरस्टेडनं नेमकं हेच ओळखलं: संघर्ष तारेत कोंडलेला नाही, तो भोवतीच्या जागेत पसरलेला आहे, आणि वर्तुळात फिरतो आहे. मग सुई गोल गोल का फिरत राहत नाही? कारण तिला दोन टोकं. दक्षिण ध्रुव हा उलट दिशेनं जाणारा बैल, आणि दोघं एकाच काठीला बांधलेले. दोघांच्या ओढाताणीत काठी तारेला आडवी होते आणि तिथंच अडकते. १८२१ मध्ये फॅरडेनं पाऱ्याच्या भांड्यात अशी मांडणी केली की एकच ध्रुव मोकळा राहील, आणि तो खरोखरच तारेभोवती फिरत राहिला. आपल्या पंख्याचं आणि मिक्सरचं मूळ त्या भांड्यात आहे.

यावरून हेही कळतं की आधीच्या लोकांना हे का दिसलं नसावं. तार सुईच्या दिशेत न धरता तिला काटकोनात धरली, तर तारेभोवतीचं वर्तुळ सुईपाशी उत्तर-दक्षिणच जातं. सुई आधीच तशी उभी, मग ती वळणार कशाला? शिवाय पुष्कळ जण बॅटरीची टोकं मोकळी ठेवूनच चुंबकावर परिणाम शोधत. प्रवाहच नाही तर परिणाम कुठून येणार.

माझ्या स्टुलावरच्या प्रयोगाचा हिशेबही सांगतो. तारेतून दोन अँपिअर प्रवाह जात असेल तर एक सेंटिमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला भरतं. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग ३८-३९ च्या आसपास. म्हणजे जोड जवळजवळ बरोबरीची: पृथ्वी म्हणते उत्तरेला, तार म्हणते आडवं हो, आणि सुई मधोमध, ४५ अंशांच्या जवळपास. एवढ्या मोठ्या पृथ्वीशी पंधरा-वीस रुपयांचा सेल बरोबरी करतो याचं मला अजून नवल वाटतं.

२१ जुलै १८२० या तारखेची चार पानांची लॅटिन पत्रिका त्यानं युरोपभरच्या विद्वानांना पाठवली. त्यात एकही समीकरण नाही. स्पष्टीकरणही आज कुणी मानणार नाही असंच: ऋण वीज मळसूत्रासारखी एका बाजूला वळत जाऊन उत्तर ध्रुवाला ढकलते, धन वीज उलट वळून दक्षिण ध्रुवाला, वगैरे. पण सुई कशी ठेवायची, तार कुठं धरायची हे इतकं नीट लिहिलं होतं की बॅटरी असलेल्या कुणालाही त्याच दिवशी करून बघता यावं. पॅरिसमध्ये आधी ही आणखी एक जर्मन स्वप्नाळू भानगड वाटली. मग ११ सप्टेंबरला फ्रेंच शास्त्रज्ञ अरागोनं तिथल्या विज्ञान अकादमीत प्रयोग करूनच दाखवला, आणि १८ सप्टेंबरपासून अँपिअरनं आपले निष्कर्ष मांडायला सुरुवात केली. होय, तोच अँपिअर. गणित त्यानं केलं, बियो आणि सावार यांनी केलं, आणि ओरस्टेडनं ते कुणाकडून हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला नाही. त्याला लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

योगायोगाची कथा मात्र लवकरच सुटली. एका जर्मन नियतकालिकाचा संपादक गिल्बर्ट यानं ती छापली. पुढे १८५७ मध्ये ओरस्टेडचा जुना विद्यार्थी हान्स्टीन यानं फॅरडेला पत्र लिहून तिला दुजोरा दिला, वर गुरुजींना उपकरणं धड हाताळता येत नसत अशी पुस्तीही जोडली. ओरस्टेड तेव्हा हयात नव्हता. गंमत म्हणजे निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग फक्त तयारीतल्या मनावरच मेहेरबान होतो, हे पाश्चरचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण १८५४ मधल्या त्या भाषणात तो बोलत होता ओरस्टेडच्या या शोधाबद्दल, हे फारसं सांगितलं जात नाही.

ओरस्टेडला स्वतःला सुईपेक्षा मोठी गोष्ट सांगायची होती. निसर्गाचे नियम म्हणजे ईश्वराची बुद्धी, आणि आपलीही बुद्धी त्याच मातीची, म्हणून आपल्याला निसर्ग कळतो, अशी त्याची धारणा. धातूच्या पत्र्यावर बारीक भुकटी पसरून कडेनं व्हायोलिनचा गज ओढला की सुरागणिक नक्षी उमटते. त्यावर त्यानं कितीतरी प्रयोग केले. कानाला जो सूर गोड लागतो त्याच्या आत असा नेटका हिशेब दडलेला असतो, आपल्याला तो न मोजताही सुखावतो, असं तो म्हणायचा. धर्मोपदेशक ग्रुंटविगशी त्याची या असल्या विचारांवरून छापील खडाजंगी झाली. उतारवयात त्यानं हे सगळं निसर्गातल्या चैतन्याविषयीच्या पुस्तकात एकत्र केलं. खरं सांगायचं तर ते आज वाचायला जड जातं.

त्याची दुसरी धडपड मला जवळची वाटते. विज्ञान डॅनिश लोकांना डॅनिशमध्ये कळलं पाहिजे म्हणून १८२४ मध्ये त्यानं एक संस्था काढली, १८२९ मध्ये तंत्रशिक्षणाची शाळा उभी केली आणि मरेपर्यंत तीच चालवली. शब्द तर त्यानं ढीगभर घडवले. ऑक्सिजनला 'इल्ट', तिकडच्या आग या शब्दावरून. हायड्रोजनला 'ब्रिंट', जळणे या क्रियापदावरून. छोटे, खणखणीत, घरच्या धातूचे शब्द. डेन्मार्कमध्ये ते आजही चालतात. आपला 'प्राणवायू' टिकला. त्याच्या बरोबरीचे कितीतरी शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर श्वासच घेऊ शकले नाहीत. अँडरसन नावाचा एक होतकरू तरुण लेखक त्याच्या घरी येत-जात असे. तुझी कादंबरी तुला प्रसिद्ध करेल, पण परीकथा अमर करतील, असं १८३५ मध्ये त्याला सांगणारा ओरस्टेडच. तेव्हा खुद्द अँडरसनला ते पटलं नव्हतं.

रिटरचं एक राहिलं. १८०३ मध्ये त्यानं ओरस्टेडला लिहिलेल्या एका पत्रात भलतंच गणित मांडलं होतं. आकाशातल्या क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेचा, कल ज्या ज्या वर्षी सर्वांत जास्त होता, त्या त्या वर्षी विजेचा मोठा शोध लागला आहे: १७४५, १७६४, १७८३, १८०१. म्हणजे पुढचा शोध १८१९ च्या अखेरीकडे किंवा १८२० मध्ये. तर्क साफ फलज्योतिषाच्या जातीचा, आणि वर्ष अचूक. पत्र ओरस्टेडकडे होतं. रिटर १८१० मध्येच गेला होता, तेहतिसाव्या वर्षी.